कोन-बीम सीटीची इटरेटिव्ह पुनर्रचना वेगवान करताना: कामाच्या नोंदी

४ मार्च

कोन-बीम सीटी म्हणजे शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताने वस्तूभोवती फिरत घेतलेल्या सावल्यांवरून तिची आतली प्रतिमा बांधणं; इटरेटिव्ह म्हणजे आधी अंदाज घेऊन तो फेरीफेरीने सुधारत नेणं. हातातला कोड बरोबर चालतो, पण फार हळू. कामासाठी एक संच पक्का केला आहे: पूर्ण ३६० अंशांत ७२० व्ह्यू (एकेका कोनातून घेतलेल्या सावल्या), डिटेक्टर ७६८ × ७६८, प्रतिमा ५१२ × ५१२ × ५१२. पाण्याचा फॅन्टम (रुग्णाऐवजी वापरायची चाचणीची वस्तू), त्याच्या आत कमी कॉन्ट्रास्टचे बारीक दांडे. डोस मुद्दाम कमी ठेवला आहे. एफडीकेने (फेऱ्या न करता प्रतिमा एकदाच थेट काढणाऱ्या नेहमीच्या पद्धतीने) ही प्रतिमा सहा सेकंदांत मिळते, पण आजूबाजूच्या पाण्यापेक्षा फक्त १० एचयूने (हाउन्सफील्ड युनिट; पाणी किरण जितके अडवतं त्याचा हजारावा भाग म्हणजे एक) वेगळे असलेले दांडे त्यात गोंगाटात बुडतात. इटरेटिव्ह पद्धतीत ते दिसतात. त्यासाठी २०० फेऱ्या लागतात आणि एका फेरीला २४ सेकंद, म्हणजे ८० मिनिटं.

एवढा वेळ तपासणी कक्षात कुणाकडे नसतो. एक रुग्ण टेबलावर, पुढचा दाराबाहेर. मग डोस थोडा वाढवून एफडीकेवरच भागवावं लागतं. तो वाढीव डोस टाळता यावा एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. उद्दिष्ट: ८ जीबी मेमरीच्या एकाच जीपीयूवर (समांतर गणित करणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर) तीन मिनिटांच्या आत.

६ मार्च

दोन दिवस चुकीच्या आकड्यांमागे गेले. टायमर सांगत होता की फॉरवर्ड प्रोजेक्शनला (हातातल्या प्रतिमेच्या सावल्या कशा पडतील ते काढायला) ०.४ मिलिसेकंद लागतात आणि रेग्युलरायझरला (शेजारच्या ठिपक्यांशी तुलना करून गोंगाट दाबणाऱ्या भागाला) २० सेकंद. मी निमूटपणे रेग्युलरायझर नव्याने लिहायला घेतला. कर्नल (जीपीयूवर चालणारा प्रोग्रामचा तुकडा) सुरू करणारी ओळ लगेच परत येते आणि जीपीयू मागे काम करत राहतो, हे मला माहीत होतं, तरी सिंक्रोनाइझ न करता घड्याळ लावलं होतं. जी ओळ निकालाची वाट पाहत थांबते तिच्या नावावर सगळा वेळ जमा होत होता.

खरे आकडे असे: फॉरवर्ड प्रोजेक्शन १०.८ सेकंद, बॅकप्रोजेक्शन (सावल्यांतली तफावत उलट प्रतिमेवर पसरणं) ८.६, रेग्युलरायझर ०.४, आणि मेमरीतून जीपीयूवर व परत वाहतुकीत ३.९. म्हणजे रेग्युलरायझरला हात लावायची गरजच नव्हती. (ही गरज पुढे एप्रिलमध्ये वेगळ्याच कारणाने आली.)

९ मार्च

"वेगवान झालं" हे म्हणायचं कशाच्या तुलनेत? फेऱ्या कमी केल्या की वेळ कमी होतोच, पण प्रतिमा पूर्ण तयार झाली का हे कळायला संदर्भ हवा. म्हणून कुठलीही क्लृप्ती न वापरता २००० फेऱ्या चालवून एक संदर्भ-प्रतिमा करायची आणि पुढचा प्रत्येक प्रयोग तिच्यापासून किती एचयू दूर आहे ते मोजायचं असं ठरवलं. मधल्या भागातला आरएमएस फरक (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) १ एचयूच्या खाली गेला की प्रतिमा तयार.

१३ तासांनी संदर्भ-प्रतिमा आली. सहकाऱ्याने खिडकी (पडद्यावर काळ्या ते पांढऱ्यात दाखवायची एचयूची कक्षा) अरुंद करून पाहिली आणि विचारलं, "हे कडं खरं आहे का?" प्रतिमेच्या वरच्या-खालच्या टोकांना आणि एका बाजूला पांढरं, चमकतं कडं होतं, आणि आतलं पाणी सपाट न दिसता कडेकडे हळूहळू उजळत गेलेलं. २०० फेऱ्यांच्या प्रतिमेतही ते होतं, फिकट. इतके दिवस मी ते शंकूच्या कोनामुळे आलेलं मानत होते.

कारण साधं होतं. टेबलाची कड आणि फॅन्टमची दोन्ही टोकं आमच्या ग्रिडच्या (प्रतिमेच्या जाळीच्या) बाहेर होती. किरण तिथून जाताना क्षीण होतात. एफडीके प्रत्येक व्हॉक्सेल (जाळीतला एक ठोकळा) स्वतंत्रपणे काढतं, त्यामुळे ग्रिड किती मोठं आहे याने त्याचं काही बिघडत नाही. इटरेटिव्ह पद्धत मात्र प्रत्येक किरणाचा पूर्ण हिशोब मागते. बाहेरच्या वस्तूला ग्रिडमध्ये जागाच नसेल, तर ती क्षीणता कडेच्या व्हॉक्सेलमध्ये कोंबली जाते आणि उरलेली चूक आत झिरपते.

ग्रिड ६४० × ६४० × ५७६ केलं. व्हॉक्सेल १३.४ कोटींवरून २३.६ कोटी झाले. १९७१ साली सीटीचे शोधकर्ते हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रावर रुग्णाची प्रतिमा ८० × ८० ची होती, म्हणजे ६,४०० अज्ञात संख्या. प्रश्न तोच आहे, फक्त आकार असा वाढला आहे. एका फेरीचा वेळ आता २४ वरून ३४ सेकंद: फॉरवर्ड १३.५, बॅक १५.१, रेग्युलरायझर ०.७, उरलेली वाहतूक. वेग वाढवायला निघाले आणि पहिल्या आठवड्यात तो कमी झाला.

१३ मार्च

ग्रिड वाढवल्याबरोबर प्रतिमेत काळे डाग. नव्या कोपऱ्यांमधल्या काही व्हॉक्सेलमधून एकही किरण जात नाही. तिथे अपडेटचा छेद (दुरुस्तीला ज्याने भागायचं तो आकडा) शून्य, आणि शून्याने भागून आलेला "संख्या नाही" हा निकाल. रेग्युलरायझर शेजाऱ्यांकडे पाहतो, त्यामुळे डाग दर फेरीला एका व्हॉक्सेलच्या जाडीने आत सरकत होता. छेदाला खालची मर्यादा घालून प्रश्न मिटला.

संदर्भ-प्रतिमा पुन्हा काढली. या वेळी दोन वेगळ्या सुरुवातींपासून: एक एफडीकेपासून, एक सपाट पाण्यापासून. शेवटच्या फेऱ्यांत बदल थोडा होतो एवढ्यावरून प्रतिमा पोहोचली असं म्हणता येत नाही, ती नुसती रेंगाळतही असू शकते. दोन्ही सुरुवाती एकाच ठिकाणी आल्या, तर मात्र खात्री. दोघींतला फरक ०.१ एचयूच्या आत. एकूण ३८ तास जीपीयू अडकून राहिला.

१७ मार्च

वाहतूक बंद करायची म्हणजे सगळं कार्डावरच ठेवायचं. हिशोब मांडला: मोजमापं १.७ जीबी, त्यांचे वेट्स (कुठल्या मोजमापावर किती भरवसा ठेवायचा ते आकडे) १.७ जीबी, आणि प्रतिमेच्या आकाराचे सहा ॲरे (प्रतिमा; तिची टेक्स्चरसाठीची, म्हणजे मधल्या किमती हार्डवेअरनेच झटपट काढण्यासाठीची प्रत; ग्रेडियंट, म्हणजे दुरुस्तीची दिशा; छेद; आणि पुढे मोमेंटमसाठी, म्हणजे आधीच्या पावलांचा जोर पुढे नेण्यासाठी, लागणारे दोन) मिळून ५.७ जीबी. बेरीज ९.१. कार्ड ८ चं.

पहिला प्रयत्न: प्रतिमाच १६ बिटांत ठेवली. फेऱ्या छान धावल्या आणि तिसाव्या फेरीनंतर प्रतिमा जागच्या जागी थिजली. पाण्याचा क्षीणता गुणांक दर मिलिमीटरला ०.०१९ च्या आसपास असतो. त्या आकड्याजवळ १६ बिटांच्या फ्लोटमध्ये (अपूर्णांक साठवण्याच्या प्रकारात) लागोपाठच्या दोन संख्यांत सुमारे ०.८ एचयूचं अंतर पडतं. दुरुस्ती त्याच्या निम्म्यापेक्षा लहान असली, की बेरीज करून पुन्हा तोच आकडा उमटतो. नेमक्या शेवटच्या, बारीक दुरुस्त्या अशा गिळल्या जात होत्या.

उपाय: मूळ प्रतिमा ३२ बिटांतच, फक्त टेक्स्चरची प्रत १६ बिटांत. किरणावरच्या शेकडो व्हॉक्सेलच्या बेरजेत हे राउंडिंग एकमेकांना बरंचसं छेदून टाकतं. वेट्सही १६ बिटांत नेले आणि लगेच सगळी प्रतिमा अनंत. वेट म्हणजे आमच्याकडे फोटॉनची संख्याच होती, आणि मोकळ्या हवेतून गेलेल्या किरणांसाठी ती ६५,५०४ च्या वर होती. १६ बिटांचा फ्लोट तिथेच संपतो. सर्वांत मोठ्या वेटने भागून सगळे ० ते १ मध्ये आणले. एकूण ७.७ जीबी. जेमतेम बसलं, पण वाहतुकीचे साडेचार सेकंद गेले.

२२ मार्च

बॅकप्रोजेक्शन १५.१ वरून २.४ सेकंद. पाच दिवसांचं काम, पण उपयोगी पडल्या त्या दोनच गोष्टी. वर्तुळाकार कक्षेत आणि अक्षाला समांतर डिटेक्टरवर, एकाच क्ष-य जागेवरच्या पूर्ण उभ्या स्तंभासाठी मॅग्निफिकेशन आणि डिटेक्टरवरचा आडवा निर्देशांक एकच असतो. तो एकदा काढून एका थ्रेडकडे (जीपीयूवर समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकाकडे) आठ व्हॉक्सेल दिले. दुसरं, एका कर्नलमध्ये एकच व्ह्यू न घेता सोळा घेतले, म्हणजे २३.६ कोटी व्हॉक्सेल वाचून परत लिहिण्याचं काम सोळाव्या हिश्श्यावर आलं.

थ्रेड-ब्लॉकच्या (एकत्र चालणाऱ्या थ्रेडच्या गटाच्या) आकारात दोन दिवस घातले, मिळाले ५ टक्के. ते टाळता आलं असतं.

फॉरवर्डमध्ये किरण ग्रिडमध्ये शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या जागा आधीच काढल्या, हवेतल्या पायऱ्या गाळल्या. १३.५ वरून ३.३.

२५ मार्च

या नोंदीसाठी थोडा वेळ द्या. बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा.

प्रत्येक फेरीला खर्चाचं फलन (प्रतिमा किती चुकते ते सांगणारा, कमी करत न्यायचा आकडा) छापायची सवय ठेवली होती. ते दर फेरीला कमीच व्हायला हवं, गणिताने तशी हमी आहे. साठाव्या फेरीला ते किंचित वाढलं. एकसष्टाव्याला पुन्हा. आकडा इतका लहान की आधी मी तो राउंडिंगवर ढकलला. शंभराव्या फेरीपर्यंत वाढत राहिला, तेव्हा थांबवून ॲडजॉइंट चाचणी केली. ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

चाचणी अशी: एक रँडम प्रतिमा घ्यायची, एक रँडम प्रोजेक्शन-संच घ्यायचा. प्रतिमेचं फॉरवर्ड प्रोजेक्शन करून त्याचा संचाशी गुणाकार करून बेरीज. मग संचाचं बॅकप्रोजेक्शन करून त्याचा प्रतिमेशी गुणाकार करून बेरीज. दोन्ही बेरजा डबल प्रिसिजनमध्ये. बॅकप्रोजेक्शन हे फॉरवर्डचं खरं ट्रान्सपोज (व्हॉक्सेल-किरणांचे तेच वाटे उलट दिशेने वापरणारं) असेल, तर दोन्ही आकडे राउंडिंगपुरते वेगळे. आमचे हजारात तीनने वेगळे.

आमचं फॉरवर्ड किरणाच्या मागे चालत नमुने घेत होतं, बॅक व्हॉक्सेलकडून डिटेक्टरवर सावली टाकत होतं. दोन्ही आपापल्या जागी योग्य, पण एकमेकांची ट्रान्सपोज नाहीत. अशी जोडी वेगासाठी सर्रास वापरली जाते आणि थोड्या फेऱ्यांत काही बिघडत नाही. पण मग आपण कुठल्याच फलनाचा नीचतम बिंदू शोधत नसतो. त्याहून वाईट म्हणजे मोमेंटम वापरायला गेलं, की त्याची सगळी हमी ग्रेडियंट खरा असण्यावर उभी असते.

एक किरण, एक व्हॉक्सेल घेऊन पाहिलं. जिथे फक्त एकाच दिशेने इंटरपोलेशन (शेजारच्या किमतींवरून मधली काढणं) लागेल असा किरण निवडला, टेक्स्चरची प्रत या चाचणीपुरती ३२ बिटांत केली. हाताने काढलेलं वेट (इथे अर्थ: त्या किरणात त्या व्हॉक्सेलचा वाटा) ०.३७२६. टेक्स्चरने दिलं ०.३७११. व्हॉक्सेल अगदी किंचित सरकवला: पुन्हा ०.३७११. आणखी सरकवला: ०.३७५०. मधलं काहीच नाही. ९५ भागिले २५६, मग ९६ भागिले २५६. टेक्स्चरच्या हार्डवेअरमध्ये इंटरपोलेशनचा अपूर्णांक आठ बिटांत धरला जातो. हे कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. चित्र दाखवायला ते पुरतं, इथे दोन्ही बाजू जुळवायच्या तर नाही.

३० मार्च

दोन्ही प्रोजेक्टर टाकून डी मान आणि बसू यांच्या डिस्टन्स-ड्रिव्हन पद्धतीची जोडी लिहिली. व्हॉक्सेलच्या आणि डिटेक्टर-पेशीच्या कडा एकाच अक्षावर टाकायच्या आणि किती भाग एकमेकांवर येतो ते वेट. फॉरवर्ड आणि बॅक दोन्हीकडे तेच ओव्हरलॅप, म्हणून जोडी जुळते. आधी सोपं वाटलं ते किरणाचं तेच फॉरवर्ड उलटं चालवून ॲटॉमिक बेरजेने (एकाच जागी अनेक थ्रेड एकामागून एक भर घालतात तशी) व्हॉक्सेलमध्ये टाकणं. ते ४६ सेकंदांवर गेलं, शिवाय बेरजेचा क्रम ठरलेला नसल्याने दोन वेळा चालवून दोन किंचित वेगळे निकाल. सोडून दिलं.

नव्या जोडीत फॉरवर्ड ४.४, बॅक ३.६ सेकंद. आधीची बेरीज ५.७ होती, आता ८. दर फेरीला २.३ सेकंद जाणूनबुजून सोडले. चाचणीतला फरक आता सातव्या अंकात. टेक्स्चरची प्रतही लागत नाही, मेमरीला थोडा श्वास मिळाला.

आणि अर्थातच संदर्भ-प्रतिमा तिसऱ्यांदा. या वेळी दोन्ही सुरुवाती मिळून एका रात्रीत झाल्या. जुनी आणि नवी संदर्भ-प्रतिमा यांत मधल्या भागातच १.७ एचयूचा फरक निघाला. म्हणजे १ एचयूची मर्यादा लावून मी जे मोजत होते, ते मोजण्याची पट्टीच तेवढी वाकडी होती.

नव्या पट्टीवर मूळ पद्धतीला १ एचयूच्या आत यायला ६२० फेऱ्या लागतात. ८० मिनिटांची ती पहिली प्रतिमा मुळात तयार झालेलीच नव्हती.

३ एप्रिल

ऑर्डर्ड सबसेट, म्हणजे व्ह्यूंचे क्रमाने वापरायचे छोटे गट. कल्पना हडसन आणि लार्किन यांनी १९९४ मध्ये एमिशन टोमोग्राफीसाठी (शरीराच्या आतून निघणाऱ्या किरणांवरून प्रतिमा काढण्यासाठी) मांडली: सगळ्या व्ह्यूंची वाट न पाहता थोड्या व्ह्यूंवरून प्रतिमा सुधारायची, मग पुढचे थोडे.

आधी २४ सबसेट केले, प्रत्येकी ३० व्ह्यू, १२ अंशांच्या अंतराने. रेषाच रेषा. वहीत कोन लिहून काढल्यावर चूक सापडली. ३० ही सम संख्या, त्यामुळे ० अंशांबरोबर १८० अंशही त्याच सबसेटमध्ये, १२ बरोबर १९२. मधल्या पातळीत समोरासमोरचे दोन व्ह्यू जवळपास तेच किरण उलट दिशेने मोजतात. ३० व्ह्यू घेऊन दिशा १५ च. सबसेट १६ केले, प्रत्येकी ४५ व्ह्यू. ४५ विषम, म्हणून समोरचे व्ह्यू मधल्या फटीत बसतात आणि ४५ वेगळ्या दिशा मिळतात. रेषा गेल्या.

क्रमही महत्त्वाचा. ०, १, २ असे घेतले तर पुढचा सबसेट आधीच्यापेक्षा फक्त अर्ध्या अंशाने सरकलेला, नवीन काही सांगत नाही. ०, ८, ४, १२, २, १०, ६, १४ आणि मग विषम, या क्रमाने घेतले. १ एचयूला ४१ फेऱ्या.

७ एप्रिल

फेऱ्या कमी झाल्या, पण घड्याळ तेवढं खाली येईना. रेग्युलरायझर प्रत्येक सबसेटनंतर चालतो. ०.७ गुणिले १६ म्हणजे ११.२ सेकंद, दोन्ही प्रोजेक्टरपेक्षा जास्त. २६ शेजाऱ्यांऐवजी ६ घेऊन पाहिले. वेळ वाचला, पण गोल दांडे चौकोनी दिसायला लागले. परत २६. त्याऐवजी रेग्युलरायझरचा ग्रेडियंट, छेद आणि प्रतिमेचं अपडेट ही तीन कामं एकाच कर्नलमध्ये जोडली, म्हणजे मेमरीतून एकदाच ये-जा. ०.१ सेकंद. एक फेरी आता ९.६.

११ एप्रिल

नेस्टेरोव्हचा मोमेंटम जोडला. नवव्या फेरीला ०.९ एचयू! इतकं खाली पहिल्यांदाच आलो. संदर्भ-प्रतिमा नसती तर इथेच थांबले असते. पुढे चालू ठेवलं: चौदाव्याला १.६, पंचविसाव्याला ६.

सबसेटचा ग्रेडियंट हा पूर्ण ग्रेडियंटचा अंदाज असतो, त्यात थोडी चूक असतेच. मोमेंटम ती चूक पुसत नाही, पुढे नेतो आणि साठवतो. नवव्या फेरीला थांबण्याचा मोह झाला. म्हणून याहून कमी डोसचा दुसरा संच लावला. तिथे नवव्या फेरीलाच २.४ एचयू, आणि वाढत होतं. थांबायची फेरी संचागणिक बदलत असेल, तर तिच्यावर कुणाच्या तपासणीचा भरवसा ठेवता येणार नाही.

पावलाचा आकार निम्मा केला: फुगणं तसंच राहिलं, फक्त उशिरा. छेद हळूहळू वाढवत नेला: चाललं, पण वाढीचा दर दोन्ही संचांना वेगळा लागला.

१६ एप्रिल

टिकलेला उपाय: पहिल्या ६ फेऱ्या १६ सबसेट आणि मोमेंटम, मग मोमेंटम शून्यावर आणून ८ फेऱ्या फक्त ४ सबसेटवर, तिथे मोमेंटम पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला मोठी चूक असते तेव्हा कच्चा ग्रेडियंट चालतो, शेवटी चालत नाही. मोमेंटम शून्यावर न आणता सबसेट बदलले तेव्हा साठलेला जोर प्रतिमेला भलतीकडे घेऊन गेला, तीन फेऱ्या ते निस्तरण्यात गेल्या. पहिल्या संचावर अखेर ०.६ एचयू, कमी डोसच्या संचावर ०.८. मुद्दाम ३० फेऱ्यांपर्यंत चालवून पाहिलं, दोन्ही फुगले नाहीत.

२० एप्रिल

वेळ: एफडीकेची सुरुवात नव्या ग्रिडवर ९ सेकंद, छेद काढायला ८, पहिल्या ६ फेऱ्या ५७.६, पुढच्या ८ फेऱ्या ६७.२. एकूण १४२ सेकंद. जुन्या कोडच्या वेगाने मोठ्या ग्रिडवर १ एचयूच्या आत यायला ६२० गुणिले ३४, म्हणजे जवळजवळ सहा तास लागले असते.

१४२ सेकंदांच्या प्रतिमेतून संदर्भ-प्रतिमा वजा केली आणि खिडकी उणे ५ ते अधिक ५ एचयू ठेवून एकेक स्लाइस पाहिला. १० एचयूचे दांडे वजाबाकीत कुठेच उमटत नाहीत, ३ मिलिमीटरचा सर्वांत बारीकही नाही, म्हणजे दोन्ही प्रतिमांत ते सारखेच आहेत. टेबलाच्या कडेला पुसटशी रेष आहे, २ एचयूची. ती मधल्या भागाच्या बाहेर असल्याने आकड्यात येत नाही, पण ती आहे म्हणून लिहून ठेवते.

उद्यापासून धातूचा तुकडा असलेला संच. तिथे वेट्स काही किरणांवर शून्याच्या जवळ जातात, आणि ६ व ८ हे आकडे तिथे टिकतील की नाही हे संदर्भ-प्रतिमा काढल्यावरच कळेल. ती आज रात्री लावली आहे.